हाय, न्हाय आणि बादली

एक प्रयोग करून बघा. शेजारच्या खोलीत पंखा मोठा लावा, मधलं दार लोटून घ्या, तोंडावर रुमाल धरा आणि दारापलीकडच्या माणसाला ओरडून सांगा, "हाय!" मग तसंच ओरडून सांगा, "न्हाय!" त्यानं दोन्ही वेळा बरोबर ओळखलं तर समजा, त्याला फटीतून तुमची मान हलताना दिसत होती. हा प्रयोग मी लग्नांत केलाय, बारशांत केलाय, एकदा तर एका तेराव्याच्या पंगतीतही केलाय आणि यजमानांच्या शिव्या खाल्ल्यात. पण काय करू, मला राहवत नाही. आमचं अर्धं गाव एकदा या दोन शब्दांमध्ये अडकून पडलं होतं, आणि मी त्याच्या ऐन मध्यभागी, हातात फोन धरून उभा होतो.

पुस्तकी मराठीत 'आहे' आणि 'नाही' यांच्यात चांगलं अंतर आहे. एकाला तोंड उघडून सुरुवात होते, दुसरा ओठ ताणून संपतो. रस्त्याच्या दोन कडेला दोघं उभे असावेत तसे. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (म्हातारी माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणत) आम्ही हे दोन शब्द रोज इतके वापरले, इतके झिजवले, की ते घासून घासून एकमेकांच्या मांडीवर येऊन बसले. हाय आणि न्हाय. मध्ये फक्त एक न, तोही अर्धा. समोरासमोर बोलताना अडत नाही, कारण न्हाय म्हणणारा माणूस मान हलवतो, तोंड वाकडं करतो, बहुतेक वेळा चालूही लागतो. पण टेलिफोनला मान नसते.

ऐंशीनंतर जी कोरडी सालं आली, त्यातल्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे झाडलोट सोडून सगळं. दूध मोजायचं, दुधाची फॅट तपासायची, कॅन ट्रकवर चढवायचे आणि चेअरमनचं भाषण ऐकायचं. त्या उन्हाळ्यात पहिली तिन्ही कामं जवळजवळ बंद पडली होती. जनावरं आटली होती. ट्रक यायचा, रिकाम्या कॅनांचा खडखडाट करून जायचा. चौथं काम तेवढं जोरात चालू होतं.

आणि फोन. पंचक्रोशीत फक्त आमच्या संस्थेत फोन होता. काळा, बिनडायलचा, लाकडी पेटीत ठेवलेला. रिसीव्हर उचलला की उस्मानाबादचा ऑपरेटर बोलायचा. तो घाटाखालून बदलून आलेला, स्वच्छ बोलणारा, आणि आमच्या बोलण्यानं बेजार झालेला माणूस होता. नंबर सांगायचा, ठेवून द्यायचा आणि वाट बघत बसायचं. लागला तर लागला. लागला तरी तारेवर वारा असायचा, तव्यावर काहीतरी तडतडत असायचं, दुसऱ्याच कुणाचा तरी कापसाचा व्यवहार ऐकू यायचा.

त्या उन्हाळ्यात सगळ्या गावाला एकाच ठिकाणी फोन लावायचा असायचा: येडशीला. येडशीला स्टेशन, आणि चाऱ्याचे डबे छोट्या रेल्वेनं तिथं उतरत, म्हणून जनावरांची छावणी स्टेशनालगतच पडली होती. छावणीच्या कारकुनाकडे गोदामात फोन होता. आमच्या गावापासून येडशी म्हणजे जनावराला दीड दिवसाची चाल. तिथं जागा आहे की नाही हे विचारल्याशिवाय निघायचं नाही, एवढा शहाणपणा गावाला आला होता, पण नुसतं विचारून भागत नाही हे एकाच्या जिवावर कळलं होतं. गावातल्या एकानं फोन केला, त्याला "हाय" ऐकू आलं, तो बैलजोडी घेऊन उन्हातनं येडशीला पोचला, आणि तिथं कारकून म्हणाला, "न्हाय म्हनून सांगितलं हुतं की तुमास्नी!" तो तसाच परत आला. बैल आठवडाभर बसून होते. लोक त्याला येता-जाता "हाय का न्हाय?" विचारायचे. चिडायचा बिचारा. मीही विचारलं होतं. दोनदा.

आमचे चेअरमन म्हणजे पांढरी टोपी, करडा आवाज आणि कुठल्याही संकटावर तोडगा. त्यांनी तोडगा काढला. एसटीच्या कंडक्टरबरोबर छावणीच्या कारकुनाला निरोप धाडला: फोनवर हाय-न्हाय म्हणायचंच नाही. जागा असेल तर म्हणायचं 'तुळजापूर', नसेल तर 'अणदूर'.

"देवीचं नाव होकाराला," चेअरमन म्हणाले, "म्हंजी शुभ."

"आन अणदूरच्या खंडोबानं काय वंगाळ केलंय तुमचं?" कुणीतरी विचारलं.

"खंडोबा रागावत न्हाय. त्यो आमच्या सासुरवाडीचा हाय."

कंडक्टर दुसऱ्या दिवशी कारकुनाचा होकार घेऊन आला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दोन शब्द, दोन देव, दोन रस्ते. घोटाळा व्हायला जागाच नाही असं वाटलं.

त्या तोडग्याची पहिली परीक्षा आक्काची म्हैस घेऊन आली.

आक्का आमच्या वाड्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. नवरा सोलापूरच्या गिरणीत, ही इथं एकटी, तिच्याकडं थोडी कोरडवाहू जमीन आणि एक म्हैस. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. आक्काच्या घरी छपराचं पाचटसुद्धा म्हशीनं खाऊन झालं होतं. तिच्या घरात बसलं की आभाळ दिसायचं. आता दोनच वाटा होत्या. येडशीला जागा असेल तर पहाटेच निघायचं, कारण आणखी दोन दिवस गेले तर म्हैस चालू शकणार नव्हती. आणि जागा नसेल तर पहाटेच तुळजापूरच्या बाजारला न्यायचं, मिळेल त्याला विकायचं. येडशी वरच्या अंगाला, तुळजापूर खालच्या अंगाला. म्हशीच्या पायांत एकाच बाजूची चाल शिल्लक होती. चुकलं तर दुसऱ्यांदा फिरायची सोय नव्हती.

"आज कळाया पायजे, सेक्रेटरी," ती म्हणाली आणि उपड्या कॅनवर बसली. "व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. पर आज."

बारा वाजता फोन लागला. चेअरमननी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. असे प्रसंग ते सेक्रेटरीवर सोडत नसत. खिडकीत, दारात, ओट्यावर माणसं.

"हॅलो! येडशी! छावणी का? एका म्हशीला जागा! गाभण! बोला, तुळजापूर का अणदूर?"

पलीकडून आधी वाफेचा फुसकारा आला. इंजिन उभं असणार. मग कारकुनाचा आवाज, लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. चेअरमनचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी त्यांच्या कानाला कान लावला.

"...ऊर!" पलीकडचा ओरडला. "...ऊर!"

"काय म्हनलालाय त्यो?" आक्कानं विचारलं.

"ऊर म्हणाला," मी म्हणालो.

"कोणचा ऊर?"

तुळजापूर. अणदूर. दोन्ही नावांचं शेपूट एकच, आणि तारेतून फक्त शेपूट आलं होतं. जिल्ह्यातली एवढी गावं सोडून चेअरमननी नेमकी हीच जोडी निवडली होती. खुद्द येडशी होतं, ते नाव तरी वेगळं संपतं!

"दोनदा म्हणला," खिडकीतला एकजण म्हणाला.

"तुमाला ऐकू आलं न्हाय म्हनून दोनदा म्हणला आसंल."

चेअरमन फोनमध्ये ओरडले, "आवो, पुन्यांदा बोला! कोणचा ऊर, नीट सांगा?" पुन्हा फुसकारा, पुन्हा ऊर. तेव्हा त्यांनी दुसरा तोडगा काढला, जागच्या जागी, आणि मी अजून त्या तोडग्याला मनातल्या मनात हात जोडतो. "ऐका! जागा न्हाय आसंल, तर फोन ठिवा! हाय आसंल, तर धरून ऱ्हावा!"

खट्. फोन बंद.

चेअरमननी रिसीव्हर खाली ठेवला, टोपी नीट केली. "ठिवला. म्हंजी न्हाय."

"तुटला," मी म्हणालो. "हा फोन रोज तुटतो."

"त्यानं ठिवला!"

"तुटला!"

आणि तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. संस्थेच्या त्या पत्र्याच्या खोलीत दोन पक्ष पडले. ठेवलावाले आणि तुटलावाले. ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, ओट्यावर उभे होते, तेही छातीवर हात ठेवून सांगू लागले. बैलजोडीवाला म्हणाला, "म्या सवता ऐकलं, अणदूर म्हनला." तो खिडकीबाहेर होता, तोंड आत, कान बाहेर. दुसरा म्हणाला, "तू काय ऐकणार, तुला आता हाय बी न्हायच ऐकू येतंय." हशा झाला. पण खरं होतं ते. प्रत्येकाच्या कानात उत्तर आधीच बसलेलं होतं. तारेतून आलेल्या ऊरला त्यांनी आपापलं मुंडकं लावलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, उस्मानाबादला एका कॉलेजात व्याख्यान होतं तिथं मी जेवणाच्या आशेनं गेलो. वक्ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते सांगत होते की माहितीचंही एक शास्त्र आहे, माहिती मोजता येते. होय किंवा नाही, एवढं कळणं हे सर्वांत लहान माप. जे आधीच ठाऊक आहे ते कितीदाही सांगितलं तरी माहिती शून्य. जे अनपेक्षित असतं त्यात ती भरलेली असते. आणि वाटेत गोंगाट असेल, तर बोलण्यात थोडं जास्तीचं भरावं लागतं, म्हणजे काही गळालं तरी उरलेल्यावरून जोडता येतं. जास्त वापरातले शब्द आखूड होत जातात, म्हणाले, आणि आखूड शब्द गोंगाटात लवकर मरतात. मी पहिल्या रांगेत इतक्या जोरानं मान हलवत होतो की त्यांनी थांबून विचारलं, "आपण या क्षेत्रातले का?" मी म्हणालो, "व्हय. दूध संस्था."

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की आक्का कॅनवरून उठली होती.

"तुमी भांडा निवांत," ती म्हणाली. "माझी म्हस दावणीला हाय. फोन पुन्ना लावा."

मी पुन्हा नंबर मागितला. ऑपरेटर म्हणाला, "येडशीची लाइन चालू नाहीये. लागली की देतो."

"मघाशी पलीकडच्यांनी ठेवला का तुटला, तेवढं सांगा की साहेब."

"मला कसं कळणार हो? मला दोन्ही सारखंच दिसतं."

त्या दुपारएवढी लांब दुपार मी पाहिली नाही. पत्रा तापून टणटण वाजत होता. मी फोनपाशी बसायचो, उठायचो, दारात जायचो, आता वाजला असं वाटून धावत यायचो. चेअरमन येरझाऱ्या घालत नवनवीन जोड्या सुचवत होते. "हाय म्हंजी कांदा, न्हाय म्हंजी..." "चेअरमन, कंडक्टर आज गेला. निरोप कोण सांगणार त्याला, कांदा म्हंजी काय ते?" "फोनवर सांगू!" "फोनवर ऐकू येत असतं तर कांदा कशाला पायजे हुता?" ते गप्प झाले, पण फक्त पाणी पिण्यापुरते. आक्का मध्येच घरी जायची, म्हशीला हात लावून यायची, कॅनवर बसायची, पुन्हा उठायची. तिच्या चपलांचा आवाज यायचा तेव्हा मी हिशेबाच्या वहीत डोकं घालायचो. कारण चूक झाली तर कुणाची होणार नव्हती. तारेची होणार होती. आणि तारेला कुणी जाब विचारत नाही.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. चेअरमन पुढे झाले, पण आक्का मध्ये आली. आयुष्यात तिनं रिसीव्हर हातात धरला नव्हता. मी तो तिच्या कानाला लावला, तर तिनं झटकन उलटा केला, मग पुन्हा सरळ.

तिनं प्रश्न विचारलाच नाही. ती थेट भांडायला लागली.

"ओ दादा! म्या म्हशीची मालकीन बोलतीया! डाव्या शिंगाला मोडलीया, कपाळाला चांद हाय, दिस भरल्यात तिचं! फाटंला निघतीया म्या! परवा दुपारला तुमच्या दारात हुबी ऱ्हातीया! वाटंत व्याली तर तुमी जबाबदार! काय करायचं ते बोला आता, लांबलचक बोला, देवाची नावं नका घिऊ!"

पलीकडचाही भडकला असणार. तो बोलू लागला आणि बोलतच राहिला. मी कान लावला होता. चाळणीतून चुरा पडावा तसं ऐकू येत होतं. "...म्हटलं की... किती येळा... दावं... आन... दली... तुमची तुमी..." मग इंजिन. मग शांतता. मग ऑपरेटर, "संपली वेळ."

आक्कानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिच्या कपाळावर घाम होता. "बादली म्हनला," ती म्हणाली. "बादली आन म्हनला. न्हाय म्हननारा बादली कशाला मागंल?"

खरंच की! मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात चेअरमनचा आवाज आला, अगदी हळू.

"बदली म्हणला आसंल."

"आं?"

"बदली. कारकुनाची बदली झाली आसंल. आता तिथं कुणी न्हाय, तुमचं तुमी बघा, आसं म्हणला आसंल त्यो."

मी चेअरमनकडे बघतच राहिलो. त्या माणसाला गोंगाटाची दैवी देणगी होती. बादली, बदली. एक काना. दोन्ही पक्ष पुन्हा ताजे झाले. बैलजोडीवाला म्हणाला, बदलीच, त्याच्या तोंडावरच दिसत हुतं. "फोनवर तोंड दिसलं तुला?" "आवाजावरनं दिसतंय की!"

आक्कानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पदर खोचला. "बदली झाल्याला मानूस एवढा वरडल व्हय?" ती म्हणाली. "त्यो खुशीत आसतो." आणि निघाली. तिला खात्री होती असं मी म्हणणार नाही. दारातून जाताना तिचा हात चौकटीला लागला आणि तिथंच क्षणभर थांबला. मग ती गेली.

फटफटलं तेव्हा मी फाट्यावर होतो. काय बघायला गेलो होतो कोण जाणे. म्हैस पुढं, पोट दोन्ही बाजूंना हलतंय, आक्का मागं, खांद्यावर दाव्याचं भेंडोळं आणि हातात पत्र्याची बादली. फाट्याशी म्हैस थांबली. आक्काही थांबली. तिनं खालच्या वाटेकडं बघितलं, तिकडं बाजाराला निघालेली दोन-तीन जनावरं दिसत होती. मग तिनं म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, आणि दोघी येडशीच्या रस्त्याला लागल्या.

त्यानंतर काहीच कळेना. फोन लागेना. परत आलेली नाही, म्हणजे जागा मिळाली, असं मी म्हणायचो. परत आलेली नाही, म्हणजे वाटेत बसली, असं चेअरमन म्हणायचे, पण आता त्यांचा आवाज वरचा लागत नव्हता. रोज एसटीची वेळ झाली की दोघंही काहीतरी निमित्त काढून स्टँडवर. कंडक्टर दारातूनच हात हलवायचा: काही नाही. घंटी दोनदा वाजवायचा आणि गाडी निघायची. त्याच्या दोन टोल्यांत कधी घोटाळा झाला नाही, याचा मला त्या दिवसांत फार राग यायचा.

आणि मग एका सकाळी कंडक्टर गाडीतून उतरला. चक्क उतरला. त्याच्या हातात बाटली होती, तोंडाला फडकं बांधलेलं, आत दाट, पिवळसर काहीतरी.

"तुमच्या आक्कानं दिलंय," तो म्हणाला. "संस्थेत द्या म्हनली."

चेअरमननी फडकं सोडलं, वास घेतला, आणि भर स्टँडवर त्यांचे डोळे भरून आले. चीक होता. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक. त्यात सगळं होतं: म्हैस पोचली, म्हैस व्याली, म्हैस जगली, आक्काचा हात दूध काढण्याइतका धड आहे.

"जागा मिळाली म्हणायची," मी म्हणालो.

"मिळाली की. पर तुमच्यावर लई नाराज हाय त्यो कारकून," कंडक्टर म्हणाला. "पयल्या फोनपास्नं सांगत हुता म्हनं, जागा हाय, पर सावली न्हाय. मांडव भरलाय, उन्हातच बांधावं लागंल. तुमीच म्हनला हुता ना, हायला तुळजापूर आन न्हायला अणदूर? मग त्यानं दोनी सांगितली. जागंला तुळजापूर, सावलीला अणदूर. दावं आन बादली तुमची तुमी आना म्हनला." त्यानं घाम पुसला. "आक्कानं लुगडं ताणलंय वर. झकास बसलीया म्हस खाली."

मी चेअरमनकडे बघितलं, चेअरमननी माझ्याकडे. दोन ऊर! दोन्ही खरे! एका शब्दात हो किंवा नाही सांग म्हणून आम्ही त्याच्या मानगुटीवर बसलो होतो, आणि त्या बिचाऱ्याकडं सांगायला दोन गोष्टी होत्या.

"बघ," चेअरमन म्हणाले, "म्या 'न्हाय' ऐकलं ते बरोबरच हुतं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आन व्याली काय? रेडी का रेडा?"

कंडक्टर एका पायानं गाडीत चढला होता. "त्ये न्हाय सांगितलं बाबा!"

घंटी दोनदा वाजली. गाडी गेली. चेअरमन क्षणभर बाटलीतल्या चिकाकडं बघत राहिले. रेडी असेल तर दोन-तीन वर्षांत आक्काच्या दावणीला दुसरी म्हैस. रेडा असेल तर नुसतंच एक खाणारं तोंड. फरक थोडा नव्हता. ते झपाझप संस्थेकडे चालू लागले, बाटली छातीशी धरून, आणि मी मागं पळत. उस्मानाबादनं त्या दिवशी, का कोण जाणे, येडशी लगेच जोडून दिलं.

"हॅलो! येडशी! आक्काची म्हस! रेडी का रेडा?"

मी रिसीव्हरला कान लावला. कारकून होता, आणि या वेळी आवाज इतका स्वच्छ की त्याचा खोकलाही ऐकू आला. "रेड..." तो म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागं गाडीनं लांब शिट्टी दिली.